एफएफयू बसवले म्हणजे क्लीनरूम झाली का?

वारा_मोजणारा

मंडळी, मी क्लीनरूम (हवेतले कण ठरलेल्या मर्यादेत ठेवायची खोली) तपासून पात्र ठरवायच्या, म्हणजे व्हॅलिडेशनच्या कामात आहे. वाळूज, कुरकुंभ, तारापूर, वेर्णा या औद्योगिक पट्ट्यांत सतत जाणं असतं. पूर्वी हे काम म्हणजे औषध कंपन्या, एवढंच होतं. आता केळीचं टिश्यू कल्चर करणारे, मशरूमचं स्पॉन बनवणारे, आयव्हीएफ लॅब, कॅथेटर जोडणारे छोटे कारखाने असे सगळे फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्या खोलीला किती एफएफयू लागतील?" विक्रेता लांबी-रुंदी विचारून आकडा सांगतो, युनिटं छतात बसतात आणि पहिल्या पावसाळ्यात तक्रारी सुरू होतात. लोकांचा कष्टाचा पैसा असा जाताना बघवत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

एफएफयू म्हणजे फॅन फिल्टर युनिट. पत्र्याची पेटी, वर प्रीफिल्टर, आत पंखा आणि मोटर, तळाला हेपा, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर. सर्वांत जास्त चालणारं माप चार बाय दोन फूट. वरून हवा ओढायची, हेपातून दाबून खाली सोडायची, एवढंच त्याचं काम. ते काम तो चोख करतो. अडचण होते ती त्याच्याकडून बाकीच्या कामांची अपेक्षा ठेवल्यामुळे.

आधी हेपाबद्दल. ती बारीक भोकांची जाळी आहे असा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात तो काचतंतूंचा कागद असतो, घड्या घालून फ्रेममध्ये भरलेला, आणि तंतूंमधली जागा अडकणाऱ्या बऱ्याच कणांपेक्षा मोठी असते. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तंतूवर आदळतो. त्याहून लहान कण तंतूला घासून जाताना चिकटतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि भटकता भटकता तंतूला लागतो. सर्वांत जास्त निसटतात ते यांच्या अधलेमधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच मापावर घेतात. एच१३ दर्जाचा हेपा त्या अवघड मापालाही ९९.९५ टक्के अडवतो, एच१४ ९९.९९५ टक्के. बुरशीचे बीजाणू बहुतेक २ मायक्रॉनच्या वरचे, त्यामुळे धड असलेल्या हेपाच्या कागदातून ते येणं जवळपास अशक्य. ते येतात फिल्टरच्या कडेने, दारातून, एसीतून आणि आपल्या अंगावरून.

आता हिशोब. १.२ बाय ०.६ मीटरचं युनिट, हवेचा वेग सेकंदाला ०.४५ मीटर. फ्रेमची कड वजा जाता ताशी ११०० घनमीटर हवा धरा. खोली ४ बाय ३ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ३६ घनमीटर. एका युनिटने खोलीची हवा ताशी ३० वेळा गाळली जाते, दोन युनिटांनी ६० वेळा. आयएसओ ७ या स्वच्छतेच्या वर्गासाठी (आकडा जितका लहान तितकी हवा स्वच्छ), ज्याला अजून सगळे क्लास टेन थाउजंड म्हणतात, डिझाइनवाले याच दरम्यानचे फेरे धरतात. तिथे घनमीटरमागे ०.५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे ३,५२,००० कण चालतात. आयएसओ ५ ला चालतात ३,५२०. कण शंभरपट कमी करायचे म्हणून युनिटं वाढवत जायची असं मात्र इथे चालत नाही, कारण दोन्हींची रीतच वेगळी आहे. आयएसओ ७ च्या खोलीत स्वच्छ हवा मिसळून घाण पातळ होते. आयएसओ ५ ला सबंध हवा एका दिशेने, एका वेगाने, भोवरे न होता सरकत गेली पाहिजे. त्यासाठी याच खोलीचं जवळजवळ पूर्ण छत भरावं लागेल, म्हणजे सोळा-सतरा युनिटं, आणि खाली हवा परत जायला तेवढीच मोकळी वाट. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी नेमकं हेच ओळखलं. तोवर खोल्या घासूनपुसून, सीलबंद करून स्वच्छ ठेवायचा प्रयत्न चाले आणि उडालेला कण तिथेच घिरट्या घालत राही. त्यांनी हवेच्या एकसारख्या संथ लोटाने तो कण खोलीबाहेर नेला. सगळा उद्योग आजही त्याच कल्पनेवर उभा आहे.

आणि आता मूळ मुद्दा. बंद चक्रात बसवलेला एफएफयू खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गाळतो. तो ताजी हवा आणत नाही. खोलीत दाब निर्माण करत नाही. हवा थंड किंवा कोरडी करत नाही, उलट मोटर जेवढी वीज खाते तेवढी उष्णता खोलीतच राहते. वास, वाफा, रसायनं अडवत नाही. शेजारच्या खोलीपेक्षा १०-१५ पास्कल जास्त दाब हवा असेल तर गाळलेल्या ताज्या हवेचा वेगळा पुरवठा लागतो. तो नसेल तर दार उघडताच बाहेरची हवा आत येते, छतात कितीही युनिटं असोत. काही जण युनिट सरळ फॉल्स सीलिंगवरच्या मोकळ्या पोकळीतून हवा ओढेल असं बसवतात. त्याने खोलीत दाब तयार होतो खरा, पण ओढली जाते ती पत्र्याखालची तापलेली, धुळीने भरलेली हवा. प्रीफिल्टर लवकर भरतो, हेपाचं आयुष्य घटतं आणि एसीला खोली आवरत नाही.

ज्यांनी बसवलंय किंवा बसवायचा विचार आहे त्यांनी आपापली परिस्थिती लिहा. मापं जरूर लिहा, मापांशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही.

केळीबाग

राम राम भाऊ. रावेर तालुक्यात केळीच्या रोपांची छोटी लॅब आहे. इनॉक्युलेशनची (रोपं बाटल्यांत लावायची) खोली १४ बाय १०, उंची ९ फूट. आत दोन हॉरिझाँटल लॅमिनार (हेपातून गाळलेली हवा आडवी समोर सोडणारी कामाची टेबलं), एक स्प्लिट एसी. जून ते सप्टेंबर बाटल्या बुरशीने फार जातात, रोपं द्यायच्या तारखा चुकतात, शेतकऱ्यांना तोंड दाखवता येत नाही. सहा एफएफयूचं कोटेशन आलंय. रक्कम आमच्यासाठी मोठी आहे. घ्यावेत का?

वारा_मोजणारा

केळीबाग भाऊ, तुमची खोली जवळपास ३६ घनमीटरचीच आहे. सहा युनिटं म्हणजे ताशी १८० च्या वर फेरे. एवढ्याची गरज या खोलीला नाही, आणि सहा बसवूनही ती आयएसओ ५ होणार नाही, कारण छत अर्धंसुद्धा भरत नाही. शिवाय खरं काम लॅमिनारच्या आत होतं. खोलीचं काम म्हणजे लॅमिनारभोवतीची हवा बरी ठेवणं.

पण युनिटांआधी बाटल्या बघा. घाण कुठून आली हे बाटलीच सांगते. बुरशी मीडियावर (बाटलीतल्या पोषक थरावर) इथे तिथे सुटी उगवली असेल तर ती हवेतून किंवा झाकण उघडताना आली. रोपाच्या बुडाशी दुधट ढग दिसत असेल तर ते बहुधा मुनव्यातूनच आलेले जिवाणू. केळीत हे नेहमीचं आहे, त्याला जगातला कोणताही फिल्टर उपाय नाही. एकाच ऑटोक्लेव्ह लॉटच्या बाटल्या जात असतील तर निर्जंतुकीकरण तपासा. एकाच बाईंच्या हातच्या जात असतील तर त्यांच्यावर ओरडू नका, त्यांचं लॅमिनार तपासा. आणि ग्रोथ रूममध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांनी रॅकच्या एका कोपऱ्यातून बुरशी पसरत जात असेल तर माइट शोधा. डोळ्यांना दिसत नाहीत, पण एका बाटलीतून दुसरीत बीजाणू तेच नेतात.

हे टिपून ठेवा, आणि सोबत सेटल प्लेट लावा. ९० मिलिमीटरच्या पेट्री डिश, बुरशीसाठी पीडीए (बटाट्याच्या अगारचा) मीडिया, काम चालू असताना चार तास उघड्या. दोन्ही लॅमिनारच्या आत कडेला आणि मध्ये, एसीच्या खाली, दाराशी, कपडे बदलता तिथे. खर्च किरकोळ आहे. सहा युनिटांचा निर्णय त्यानंतर घ्या.

मांडवीकाठ

चांगला धागा. मी वेर्ण्याला इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या प्लांटच्या क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) आहे. एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. जिथे शक्य आहे तिथे एएचयू (हवा थंड करून, गाळून डक्टमधून पाठवणारं मध्यवर्ती यंत्र) आणि डक्टच्या टोकाला टर्मिनल हेपा हाच मार्ग बरा. पंखा प्लांट रूममध्ये राहतो, दुरुस्ती बाहेरून होते, मोटर बिघडली म्हणून कुणाला उत्पादनाच्या डोक्यावर चढावं लागत नाही. पन्नास एफएफयू म्हणजे पन्नास मोटरी, पन्नास ठिकाणी बिघाडाची शक्यता, आणि प्रत्येकीचं रेकॉर्ड. निर्जंतुक औषधांसाठीची युरोपची नवी नियमावली, ॲनेक्स १, ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली, औषधनिर्मितीचे आपले सुधारित नियम, शेड्यूल एम, २०२३ च्या अखेरीस आले. दोन्हींचा सूर एकच आहे: दूषितीकरणाचा धोका तुम्ही ओळखला का आणि आवरला का, ते दाखवा. तपासणीत इन्स्पेक्टर विचारतो की युनिट बंद पडलं तर ते तुम्हाला कसं कळतं, किती वेळात कळतं आणि तोवर भरलेल्या व्हायलचं काय करता. याचं उत्तर पन्नास मोटरींसाठी देणं सोपं नाही.

वारा_मोजणारा

मांडवीकाठ, व्हायल भरण्याच्या खोलीसाठी तुमचं म्हणणं रास्त आहे. पण एक गोष्ट एफएफयूच्या बाजूने ठामपणे मांडतो. डक्टच्या पद्धतीत छतावरची पोकळी खोलीपेक्षा जास्त दाबाची असते. फिल्टर आणि छताच्या चौकटीमधल्या (ग्रिडमधल्या) सीलला चीर पडली की न गाळलेली हवा थेट खोलीत उतरते, तीही बरोबर मालाच्या वर. एफएफयू पोकळीतून हवा ओढून घेतात, त्यामुळे पोकळीचा दाब खोलीपेक्षा कमी राहतो. ग्रिडच्या सांध्यात फट असली तर खोलीतली हवा वर जाते, वरची घाण खाली येत नाही. सेमीकंडक्टरवाल्यांनी छतभर एफएफयू स्वीकारले त्यामागे हे एक मोठं कारण आहे. याला अपवाद एकच. युनिटच्या आत पंख्याच्या पुढचा भाग जास्त दाबाचाच असतो, म्हणून हेपा आणि युनिटच्या पेटीमधलं सील दोन्ही पद्धतींत तितकंच जपावं लागतं.

मोटरींच्या देखरेखीचा मुद्दा मान्य. एका वेळी एक-दोन वाढवत जायचं असेल, जुन्या इमारतीत डक्टला उंचीच नसेल, तिथे एफएफयूला तोड नाही. नवा प्लांट कोऱ्या कागदावर आखताय तर डक्टचा विचार आधी करा.

मांडवीकाठ

पोकळीच्या दाबाचा मुद्दा मान्य. एक भर घालतो. ॲनेक्स १ मध्ये ग्रेड ए, म्हणजे सर्वांत स्वच्छ वर्गासाठी, कामाच्या जागी वेगाचा पल्ला सेकंदाला ०.३६ ते ०.५४ मीटर दिला आहे. लोक युनिटच्या तोंडाशी ॲनेमोमीटर धरून ०.४५ दाखवतात आणि निवांत होतात. हवा सुई-स्टॉपरपर्यंत पोचते तेव्हा मध्ये कन्व्हेयरची कड असते, ऑपरेटरचा ग्लव्ह असतो, कधी गार्डचा दांडा. हेपातून निघालेली हवा वाटेत कशालाही न शिवता मालापर्यंत आली पाहिजे. हे आकड्याने दिसत नाही, धुराने दिसतं. आमच्याकडे स्मोक स्टडीचा व्हिडिओ प्रत्येक नव्या ऑपरेटरला बसवून दाखवतो. आपला हात कुठे आला की धूर कसा उलटा फिरतो हे एकदा पाहिलं की त्याला निराळं शिकवावं लागत नाही.

हसिंचूहून

तैवानमध्ये चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या (फॅबच्या) फॅसिलिटी विभागात आहे, मूळचा सातारचा. इथे एका मजल्याच्या छतात हजारो एफएफयू असतात. हवा भोकांच्या उंच जमिनीतून खाली जाते, बाजूच्या पोकळीतून ड्राय कूलिंग कॉइलवरून वर येते आणि पुन्हा युनिटांत शिरते. ताजी हवा आणि ओलावा सांभाळायला मेकअप एअर युनिटं पूर्णपणे वेगळी. म्हणजे धागाकर्त्यांनी लिहिलेली कामाची विभागणी इथे प्रत्यक्ष इमारतीच्या बांधणीतच दिसते.

वाचकांना नवल वाटेल असं एक सांगतो. आता सबंध हॉल पूर्वीइतका कडक ठेवत नाहीत. वेफर (चिपसाठीच्या सिलिकॉनच्या चकत्या) बंद डब्यांतून फिरतात आणि यंत्राच्या तोंडाशी छोटी बंदिस्त जागा असते, तिला स्वतःचे एफएफयू. अतिस्वच्छ हवा लागते ती तेवढ्याच जागेत, त्यामुळे हॉलच्या छतात सगळीकडे युनिटं भरावी लागत नाहीत. केळीबाग यांच्या लॅमिनारचं तत्त्व हेच आहे.

आणि आमची खरी डोकेदुखी कण नाहीत, वाफा आहेत. साध्या हेपाचा कागद बोरोसिलिकेट काचेचा असतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ लागली की त्यातून बोरॉन सुटतं, आणि सिलिकॉनमध्ये बोरॉन म्हणजे थेट डोपिंग, त्याचे विद्युत गुणच बदलतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) फिल्टर वापरतात आणि त्यांच्या आधी रासायनिक फिल्टर लावतात. फिल्टरची गळती तपासतानाही इथे तेलाचा धूर सोडत नाहीत, त्याचा अंश फिल्टरवर राहतो. लेटेक्सचे सूक्ष्म गोळे सोडून पार्टिकल काउंटरने स्कॅन करतात.

आळंबी

मी कोल्हापूरजवळ धिंगरीचं स्पॉन करते. दोन बाय दोन फुटांचा हेपा मिळालाय, त्यामागे लाकडी पेटी करून पंखा बसवायचा आहे. एक्झॉस्ट फॅन चालेल का? आणि टॉयलेट क्लिनिंगच्या दुकानातल्या जंतुनाशकाने फिल्टर पुसला तर चालतो का?

वारा_मोजणारा

ताई, फिल्टरला हात, कापड, फवारा काहीही लावू नका. कागद नाजूक आहे, बोट टेकलं तरी चीर पडते, आणि ओला झाला तर ताकद जाते. पुसायचं ते फक्त पेटीच्या बाजू.

एक्झॉस्ट फॅन नाही चालणार. नव्या हेपाचा रोध त्या वेगाला शंभर-सव्वाशे पास्कलच्या घरात असतो आणि भरत जातो तसा वाढतो. भिंतीतला पात्यांचा पंखा उघड्यावर भरपूर हवा देतो, पण एवढ्या रोधापुढे नुसता फिरत राहतो. ब्लोअर घ्या, आणि घेताना दुकानदाराकडे दाब आणि हवेचा आलेख मागा. तुमच्या फिल्टरचं तोंड ०.३६ चौरस मीटर, म्हणजे ताशी ५५०-६०० घनमीटर हवा, ती २५० पास्कलला मिळाली पाहिजे, कारण फिल्टर जुना होईल तेव्हाही वेग टिकायला हवा. फिल्टर पेटीला सगळ्या बाजूंनी सारखा दाबून बसेल असा गॅस्केट लावा. चारही कोपरे नीट बघा, सांधा तिथेच सुटतो.

आणखी एक, हे सगळ्यांसाठीच. अशा हुडची हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. आपलं स्पॉन वाचवायला तो ठीक आहे. रुग्णाचे नमुने, रोगजंतू, कर्करोगाची औषधं असं काहीही त्यात उघडायचं नाही. त्याला बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं, ते वेगळं यंत्र आहे.

तारमार्ग

विजेच्या बाजूने लिहितो, मी प्लांट इलेक्ट्रिकलमध्ये आहे. एसी मोटरचं (साध्या, थेट एसी करंटवर चालणाऱ्या) युनिट साधारण दीडशे-दोनशे वॅट खातं, ईसी मोटरचं (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) त्याच्या निम्म्याच्या आसपास. युनिट वर्षाचे सगळे तास चालतं, त्यामुळे किमतीतला फरक बिलातून भरून निघतो. शिवाय पंख्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी होते. रात्री खोलीत कुणी नसताना वेग उतरवून ठेवता येतो. औषधवाल्यांनी तो आधी पात्र ठरवून घ्यावा, परस्पर उतरवू नये.

दोन ठिकाणी लोक अडकतात. ईसी मोटरमधल्या विजेचा गोंगाट अडवणाऱ्या सर्किटमुळे प्रत्येक युनिटचा थोडा गळती प्रवाह अर्थिंगमध्ये जातोच. बरीच युनिटं एकाच ३० मिलिअँपिअर आरसीसीबीवर (गळती प्रवाह जाणवताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) टाकली की बेरीज होऊन कारण नसताना ट्रिप होतं, आणि मग कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. तसं अजिबात करू नका, सर्किटं विभागा. दुसरं, लाइट गेली-आली की सगळी युनिटं एकदम सुरू होतात. कंट्रोलरवर टप्प्याटप्प्याने सुरू करायची सोय असते, ती चालू करून घ्या. गावाकडे व्होल्टेजचे झटके मोठे असतात, सर्ज प्रोटेक्शनवर पैसे वाचवू नका. ईसी मोटरचं कार्ड जळलं की ते गावात मिळत नाही.

केळीबाग

तारमार्ग भाऊ, आमच्याकडे लाइट दिवसातून जातेच. इन्व्हर्टरवर फक्त लॅमिनार ठेवलेत. लाइट आल्यावर किती वेळ थांबायचं?

वारा_मोजणारा

मिसळणाऱ्या हवेत प्रत्येक फेऱ्याला कण साधारण ३७ टक्क्यांवर येतात. शंभरातला एक उरायला साडेचार-पावणेपाच फेरे लागतात. ताशी ३० फेरे असतील तर नऊ-दहा मिनिटं. औषधवाले २० मिनिटांच्या आत खोली पूर्वपदावर आली पाहिजे असं मोजून दाखवतात. तुम्ही २० मिनिटं धरा. लॅमिनार बंद पडला असेल तर उघड्या बाटल्या तशाच पुढे वापरू नका, त्या बाजूला काढून खूण करा.

सकाळची_शिफ्ट

मी भ्रूणशास्त्रज्ञ आहे, आयव्हीएफ लॅबमध्ये. हसिंचूहून यांनी वाफांचं लिहिलं ते आम्हाला तंतोतंत लागू आहे. आमच्याकडे इन्क्युबेटरमधल्या भ्रूणाला अशा वाफांपासून वाचवणारं कोणतंही आवरण नाही, हवेतलं जे मीडियात विरघळेल ते त्याच्यापर्यंत जातं. लॅब सुरू होताना हेपा उत्तम, पार्टिकल काउंट उत्तम, आणि तरी निकाल खाली, असं या क्षेत्रात घडतं. कारण बहुतेक वेळा नवा रंग, फ्लोअरिंगचं गोंद, नुकतं खोक्यातून काढलेलं प्लास्टिक, शेजारच्या ओटीतलं भूलद्रव्य, खाली रस्त्यावरचा डांबराचा धूर. हेपातून हे सगळं सरळ पार होतं. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि पोटॅशियम परमँगनेट भरलेले थर ताज्या हवेच्या वाटेत लागतात, ते वेळेवर बदलावे लागतात, आणि त्यांच्यापुढे कणांचा फिल्टर लागतो कारण कार्बनची भुकटी सुटते. काम झाल्या झाल्या लॅब सुरू करायची घाई मालकांना असते. कृपया आम्हाला खोली तापवून, हवा खेळवून रिकामी ठेवायला वेळ द्या. समोर बसलेलं जोडपं कर्ज काढून आलेलं असतं.

शेवगा

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. मुलाला दमा आहे, आम्ही चाकणला राहतो, बांधकामाची धूळ फार. चार बाय दोनचा एफएफयू घरी लावता येईल?

वारा_मोजणारा

लावता येईल, पण आवाज आणि वीज दोन्ही घराला जास्त. खोलीच्या मापाचा साधा हेपा प्युरिफायर पुरतो. कमी खर्चात हवं असेल तर २०२० च्या साथीत अमेरिकेतल्या रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी सुचवलेली रचना बघा. एमईआरव्ही १३ दर्जाचे (हेपापेक्षा हलके) चार फिल्टर चौकोनात उभे करून वर बॉक्स फॅन. हेपाइतकं एका फेरीत गाळत नाही, पण हवा इतकी जास्त ओढते की खोलीतले कण झपाट्याने कमी होतात. डॉक्टरांची औषधं मात्र त्यांच्या सांगण्याशिवाय कमी करू नका.

केळीबाग

भाऊ, प्लेट लावल्या. सगळं सांगतो. एसीखालच्या प्लेटवर सर्वांत जास्त बुरशी, काळी आणि हिरवी. दाराशी त्याखालोखाल. पहिल्या लॅमिनारमध्ये काहीच नाही. दुसऱ्यात मध्ये काही नाही, पण डाव्या कडेच्या प्लेटवर दोन्ही वेळा बुरशी आली. त्या लॅमिनारवर बसणाऱ्या ताईंच्या बाटल्या जास्त जातात हे आम्हाला आधीच माहीत होतं, आम्ही त्यांचा हात समजत होतो. बाटल्यांचंही तुम्ही सांगितलं तसं वर्गीकरण केलं. बऱ्याच बाटल्यांत बुडाशी दुधट ढग आहे, म्हणजे तो भाग वेगळाच. आता काय करू?

वारा_मोजणारा

फार चांगलं काम केलंत. त्या ताईंना आधी सांगा की दोष त्यांचा नव्हता.

डावी कड म्हणजे बहुतेक फिल्टरच्या गॅस्केटची किंवा फ्रेमची गळती. जळगाव किंवा संभाजीनगरहून पीएओ टेस्ट करणारा बोलवा, तुमच्याकडचे लोक त्याला डीओपी म्हणून ओळखतील. फिल्टरच्या मागच्या बाजूला तेलाचा सूक्ष्म धूर सोडतात आणि पुढून इंचभर अंतरावरून फोटोमीटरचं नळकांडं ओळीने फिरवतात. मागच्या प्रमाणाच्या ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त दिसलं की तिथे गळती. गॅस्केट बदलून भागलं तर नवा फिल्टर घ्यायची गरज नाही. टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या, कडा आणि चारही कोपरे फिरवायला लावा.

एसी: कॉइल आणि ड्रेन ट्रे उघडून धुवून घ्या, पावसाळ्यात बुरशी तिथेच वाढते. त्याहून महत्त्वाचं, त्याचा झोत लॅमिनारच्या तोंडावर येतो का बघा. एसीचा वारा लॅमिनारच्या संथ हवेपेक्षा कितीतरी जोराचा असतो, तो आडवा आला की बाहेरची हवा सरळ टेबलावर ढकलतो. एसीची जागा बदला.

दार: बाहेर एक छोटी मधली खोली करा, दोन्ही दारं एकदम उघडणार नाहीत अशी. ताज्या हवेसाठी छोटा ब्लोअर, त्यावर प्रीफिल्टर, मग बारीक फिल्टर, मग हेपा. दाब मोजायला भिंतीवर एक मॅग्नेहेलिक. एवढं झाल्यावर खोलीत दोन एफएफयू पुरतील, आणि त्यांची हवा परत जायला जमिनीलगत रिटर्न ठेवा. ती वाट रॅक लावून बंद करू नका.

दुधट ढगासाठी मातृरोपं आणि मुनव्याची निर्जंतुकी याकडे वळा. त्याबद्दल इथे कुणी जाणकार असेल तर लिहावं.

केळीबाग

दोन युनिटांची ऑर्डर देताना काय लिहून घेऊ? मागच्या वेळी कोटेशनवर फक्त "हेपा फिल्टरसह" एवढंच होतं.

वारा_मोजणारा

हे लिहून घ्या. फिल्टर एच१४, प्रत्येकावर स्वतंत्र अनुक्रमांक आणि त्याच अनुक्रमांकाचा कारखान्यातला चाचणी अहवाल. मोटर ईसी, आणि फिल्टरचा रोध २५० पास्कल झाला तरी ०.४५ मीटर वेग टिकेल असा पंख्याचा आलेख. फिल्टर खोलीच्या बाजूने काढता येणारा, नाहीतर बदलताना तुमचं छत उघडावं लागेल. वरच्या बाजूला पीएओ सोडायची आणि नमुना घ्यायची नळी युनिटलाच बसवलेली. ही नसली की टेस्ट करणारा अंदाजाने काम करतो, आणि नंतर बसवायला गेलं की पेटीला भोकं पाडावी लागतात. दाबफरक मोजायचं टोक. बंद पडल्याचा दिवा किंवा बझर. आणि शेवटचा हप्ता जागेवरच्या गळती चाचणीनंतर, बसवल्यानंतर नव्हे.

माल आल्यावर खोका बाणाच्या दिशेने उभाच ठेवायला सांगा, आणि बांधकाम, रंग, पुसणं सगळं संपेपर्यंत फिल्टर खोक्यातून काढू देऊ नका.

मांडवीकाठ

याला एक जोडा: पुढच्या चाचणीची तारीख. आमच्याकडे ग्रेड ए-बी ला दर सहा महिन्यांनी. तुम्हाला वर्षातून एकदा चालेल, फक्त ती पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात ठेवा.

केळीबाग

लिहून घेतलं. लॅमिनारची टेस्ट पुढच्या आठवड्यात ठरली आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकतो. सहा युनिटांचं कोटेशन परत केलं.